ओठ मिटणारा शब्द

आमची सूनबाई उंदरांच्या तोंडी मराठी घालते. थट्टा नाही, तिचं कामच ते आहे. परदेशातून कार्टूनचे सिनेमे येतात, त्यांतली जनावरं इंग्रजीत बोलतात, आणि तीच जनावरं मराठीत काय बोलतील ते ही लिहून देते. आजवर तिच्या वाट्याला फुटकळच यायचं. कुठे बेडकाची जाहिरात, कुठे अस्वलाची छोटीशी गोष्ट. ह्या खेपेला पहिल्यांदा अख्खा सिनेमा हाती आला होता, तोही मोठ्या थेटरांत लागणारा. तेव्हापासून बाईचे पाय जमिनीवर नव्हते. भांडी घासताना उंदरांचे संवाद, केस विंचरताना उंदरांचे संवाद. माझा मुलगा जहाजावर नोकरीला असतो. त्याचा फोन आला तरी आधी उंदरांची खुशाली, मग त्याची.

तो असा पाण्यावर, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. मी जन्मभर बायकांचे कपडे शिवले, आमचे 'हे' सुतार. आता दोघांच्याही गुडघ्यांनी राजीनामा दिलाय, जिभांनी मात्र दिलेला नाही. म्हणजे माझ्या तरी नाही. हे मुळातच मितभाषी.

तर त्या संध्याकाळी सूनबाई घरात शिरली ती तोंड एवढंसं करून. चपला दारात दोन दिशांना, पिशवी खुर्चीवर आणि स्वतः पिशवीवर.

"काय गं, झालं काय?"

"आई, सर म्हणाले हे चालणार नाही."

सर म्हणजे डबिंगचे दिग्दर्शक. कलाकारांकडून बोलून घेणं, आवाज चित्राला बसतो की नाही ते बघणं, हे त्यांचं काम. माणूस वाईट नाही, पण एकदा नाही म्हणाला की ब्रह्मदेव आला तरी हो म्हणत नाही.

"सगळा सिनेमा नाही चालणार?" मी विचारलं.

"सगळा आवडला हो! एकच जागा नाही आवडली. आणि नेमका तिथेच सिनेमाचा जीव आहे."

मग तिने ती जागा सांगितली. कडाक्याची थंडी पडलीये. बिळात खायला काही नाही, आणि उंदरीण आजारी. तिची सहा पिल्लं बाहेर पडतात आणि एकेक करून परत येतात. प्रत्येकाच्या हातात एवढं एवढंसं काहीतरी. उंदरीण ते हातात घेते, दिव्यापाशी धरते आणि त्याचं नाव घेते. पण असं घेते, की जणू घबाड मिळालंय. शेवटी येतं शेंडेफळ. ते दारातच उभं राहतं, हात पाठीमागे लपवून, कारण त्याच्या मुठीत जवळजवळ काहीच नसतं. आई त्याची मूठ उघडते, बघते आणि एकच शब्द बोलते. तो ऐकून पिल्लू हसतं.

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "कुठला गं शब्द?"

"क्रम."

"क्रम? म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा?"

"नाही हो आई! इंग्रजी शब्द. पावाचा बारीक कण. शेवटी 'ब' लिहितात, पण म्हणत नाहीत."

"मग लिहितात कशाला? शाई जास्त झाली होती?"

ती हसली नाही. एरवी माझ्या असल्या विनोदांना ती हसते, निदान सासू म्हणून तरी. तेव्हा मी ओळखलं, प्रकरण गंभीर आहे.

"तू काय लिहिलं होतंस?"

तिने मान खाली घातली. "तुकडा. छोटा तुकडा. बारीक तुकडा. इवलासा तुकडा. मग थेंब. आणि शेवटी कण. सर म्हणाले, बाई, ही उंदरीण आहे की खाटीक? नुसते तुकडे तुकडे काय लावलेत!"

आता खरं सांगायचं तर मला हसू आलं होतं. पण ते मी पदराआड गिळलं.

रेकॉर्डिंग दुसऱ्याच दिवशी सकाळी होतं. उंदरिणीचा आवाज द्यायला रंगभूमीवरच्या एक नामांकित बाई येणार होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणतात. त्या परवा नाटकाच्या दौऱ्यावर निघणार, म्हणजे उद्या नाही तर कधीच नाही. शिवाय सिनेमा बनवणाऱ्या कंपनीतली एक बाई परदेशातून, कॉम्प्युटरवरून, सगळं ऐकणार होती.

"आणि सर म्हणाले, उद्या शब्द नसले तर ते स्वतःच काहीतरी बसवून टाकतील," सूनबाई म्हणाली. "एकदा त्यांनी बसवलं की पुढच्या सिनेमाला मला कोण बोलावतंय?"

मी म्हटलं, "उठ. स्वयंपाकघरात चल. रिकाम्या पोटी शब्द सुचत नाहीत."

सूप चुलीवर होतंच. मी पाव कापायला घेतला आणि सहज विचारलं, "पण मला एक सांग, इंग्रजांना बारीक तुकड्याला इतके शब्द लागतात कशाला? बारीक ते बारीक."

"तेच तर मला कळत नाहीये. डिक्शनरीत सगळ्यांपुढे एकच अर्थ. स्लिव्हर, लहान तुकडा. श्रेड, लहान तुकडा. फ्लेक, लहान तुकडा. स्क्रॅप, लहान तुकडा. मी तरी काय करू?"

"त्या पिल्लांच्या हातात काय असतं ते सांग ना. शब्द सोड."

ती डोळे मिटून आठवायला लागली. "पहिल्याच्या हातात चीज. लांबट, पातळ, एका बाजूला टोकदार. काचेचाही स्लिव्हर असतो, लाकडाचाही..."

"ढलपी," वर्तमानपत्राच्या मागून आवाज आला.

आम्ही दोघींनी मागे वळून बघितलं. वर्तमानपत्र जागच्या जागी होतं.

"काय म्हणालात बाबा?"

ह्यांनी पेपर खाली केला. "लाकूड फोडलं की उडते ती ढलपी. करवत चालवली की पडतो तो भुसा. छिन्नी मारली की उडते ती कपची. हत्यार बदललं की तुकडा बदलतो." आणि पेपर पुन्हा वर.

आमचे हे महिन्याकाठी एवढं बोलतात. पण सूनबाई ताडकन उभी राहिली. तिचे डोळे असे चमकायला लागले की मला वाटलं हिला ताप भरला.

"बाबा! पुन्हा बोला! नाही, नको, थांबा. आई, किती लहान ते हे शब्द सांगतच नाहीत! तुकडा कसा सुटला, ते सांगतात! स्लिव्हर चिरून सुटतो. श्रेड फाडून. फ्लेक आपोआप, थरावरून थर सुटतो तसा. स्क्रॅप म्हणजे काम झाल्यावर उरलेलं. म्हणून इतके शब्द!"

"मग आपल्याकडे काय कमी आहेत?" मी म्हटलं. आता माझ्याही अंगात आलं होतं. "फाडून सुटते ती चिंधी. बेतून उरतं ते कातरण. माझी अख्खी हयात त्यात गेली."

"दुसऱ्या पिल्लाच्या हातात कोबीच्या पानाचा श्रेड आहे."

"कोबीची चिंधी!"

ती खळखळून हसली. "कोबीची चिंधी! आई, हे पोरांना काय आवडेल!"

मग जे झालं ते कोणी बघितलं असतं तर तिघांनाही वेड लागलंय म्हणाला असता. सूनबाईने फ्रीजमधून कोबी काढला आणि टराटरा फाडायला लागली. मी केकच्या कडा कापल्या, कारण एका पिल्लाच्या हातात केकचा स्क्रॅप होता आणि तो कातरणासारखा दिसतो का ते बघायचं होतं. दिसत होता, हुबेहूब. हे पेपर टाकून उठले आणि चीजला सुरी कशी लावली की ढलपी सुटते ते दाखवायला लागले. खारी बिस्किटं होती डब्यात, त्यांचे थर सोडवले.

"हा फ्लेक," ती म्हणाली.

"हा पापुद्रा," मी म्हणाले.

"पापुद्रा! दोन वेळा ओठ उघडमीट, आणि उंदरिणीच्या मिशा हलताना काय दिसेल!"

थेंब आणि कण तिने होते तसेच ठेवले. ते सहा झाल्यावरही तिला थांबवेना. सिनेमात शेवटी उंदरीण त्या सगळ्याचं सूप करते, त्यातलेही शब्द तिने काढले. पिंच म्हणजे चिमूट. त्या शब्दात इंग्रज आणि आपण सख्खे भाऊ, दोघांनीही दोन बोटांत धरून बघितलं. डॅश म्हणजे बाटलीला दिलेला झटका, तो झाला शिंतोडा. आणि एक होता स्मिजन. तो कुठून सुटतो, कसा सुटतो, काही पत्ता नाही.

"मग म्हणतात कशाला?" मी विचारलं.

"नुसतं लाडाने."

"लाडाने ना? मग एवढुस्सं!"

सूनबाईने माझ्या गालाचा मुका घेतला. तिच्या हाताला चीज होतं, ते माझ्या केसांना लागलं. सूप कधीच आटून गेलं होतं. टेबलावर नुसता पसारा, चुरा, साली, चिंध्या. त्या रात्री आम्ही जेवलो ते उंदरांचंच जेवण, आणि तसं गोड जेवण मी क्वचितच जेवले असेन.

*

सकाळी ती म्हणाली, "आई, तुम्ही चला माझ्याबरोबर. एकटीने जायचा धीर होत नाहीये."

मी काय, एका पायावर तयार. चांगली साडी नेसले. हे म्हणाले, "उंदरांकडे चाललीयेस, लग्नाला नाही." मी ऐकलं नाही.

स्टुडिओ म्हणजे मला काहीतरी भव्य वाटलं होतं. निघाल्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत यंत्रं, बटणं, आणि त्यांच्यापुढे बसलेली रेकॉर्डिंगची मुलगी, कानांवर हे मोठे हेडफोन. आतल्या खोलीच्या भिंतींना जाड स्पंज लावलेला, खाली गालिचा, मध्ये माइक, समोर पडदा. दोन्हींच्या मधे काच. आतलं दार फ्रीजसारखं जाड. ते बंद झालं की आतला माणूस नुसते ओठ हलवताना दिसतो, ऐकू येतं ते स्पीकरमधून.

अक्का आल्या. एवढीशी बाई, माझ्या खांद्याला लागेल न लागेल. पण "कुठंय माझी उंदरीण?" म्हणाल्या तेव्हा काच थरथरली असावी. आत जाताना त्यांनी चपला आणि बांगड्या काढून माझ्याच हातात दिल्या. त्यांचा आवाजही माइक पकडतो म्हणे. एवढ्या मोठ्या कलावंताच्या बांगड्या मांडीवर घेऊन मी बसले, देवघरात बसावं तशी.

सर मागे हात बांधून उभे होते. सूनबाईने नवे कागद पुढे केले. त्यांनी वाचले. पहिल्या ओळीला भुवई वर गेली, दुसरीला आणखी वर. "कोबीची चिंधी," ते पुटपुटले, आणि मिशीतल्या मिशीत हसले. "बघू या."

सूनबाईने माझा हात इतका जोरात दाबला की बांगड्या वाजल्या. रेकॉर्डिंगच्या मुलीने ओठांवर बोट ठेवलं.

पडद्यावर बीळ दिसलं. दारातून पहिलं पिल्लू आलं, बर्फाने माखलेलं. उंदरिणीने हात पुढे केला.

"अगो बाई! चीजची ढलपी!"

काय सांगू! तोच शब्द आदल्या संध्याकाळी आमच्या टेबलावर चिकट पडला होता. अक्कांच्या तोंडून तो असा आला की मला ती ढलपी खावीशी वाटली. दुसरं पिल्लू आलं. "कोबीची चिंधी!" रेकॉर्डिंगची मुलगी फस्सकन हसली. "केकचं कातरण! बिस्किटाचा पापुद्रा!" प्रत्येक शब्द उंदरिणीच्या तोंडात असा बसत होता, जसं मापाने शिवलेलं ब्लाउज. मग पाचवं पिल्लू पान सांभाळत आलं, "मधाचा थेंब!" आणि पडद्यावरचे ओठ बरोब्बर 'ब'ला मिटले.

सरांनी नुसता अंगठा वर केला. सूनबाई श्वास घ्यायची विसरली होती.

मग आलं शेंडेफळ. दारात उभं, हात मागे. उंदरीण वाकली, मूठ उघडली. तिचं तोंड अख्ख्या पडद्यावर पसरलं, मिशीचा केस अन् केस दिसत होता. ओठ उघडले आणि मिटले. मिटले ते मिटलेलेच राहिले, आणि मग हळूहळू त्यांचं हसू झालं.

"कण," अक्का म्हणाल्या.

काहीतरी बिनसलं. मला तांत्रिक काही कळत नाही, पण शिवण उसवलेली मला लांबून दिसते. पडद्यावर तोंड मिटलेलं, आणि आवाज मात्र उघड्या तोंडाचा. उंदरिणीने शब्द बोलायच्या ऐवजी गिळला की काय, असं वाटलं.

सरांनी हात वर केला. "थांबा. ओठ मिटत नाहीत."

"क्रम," सूनबाई पुटपुटली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "शेवटी म. मी लक्षातच घेतलं नाही."

"दुसरं सगळं खपवता येतं," सर म्हणाले. "पण इथे तोंड पडदाभर आहे. शेवटी म, प, ब, भ, काहीतरी पाहिजे. ओठ मिटलेच पाहिजेत."

मग सुरू झाला कालवा. सर म्हणाले, "थेंब?" ती म्हणाली, "तो मधाला गेला, आणि हा पाव आहे." काचेपलीकडून अक्का म्हणाल्या, "खाप?" सर म्हणाले, "अक्का, खाप केवढी मोठी असते, ते पिल्लू त्याच्याखाली चिरडेल." मी तोंड उघडायचं नाही असं ठरवून आले होते, पण राहवलं नाही. म्हटलं, "गट्टम?"

"आई, ती खात नाहीये, बघतेय!"

"मग राहिलं," म्हणून मी बांगड्यांकडे बघत बसले.

रेकॉर्डिंगची मुलगी म्हणाली, "इंग्रजीच ठेवू या का? क्रम. ओठ आपोआप जुळतील."

"आणि प्रेक्षकांना वाटेल, उंदरीण पोरांना रांगेत उभं करतेय," सर म्हणाले. मग घड्याळाकडे बघून त्यांनी मान हलवली. "तसं झालं तर झालं. अक्कांना तासाभरात निघायचंय. बाई, वाईट वाटून घेऊ नका. पाच शब्द झकास जमले तुमचे."

"नाही," सूनबाई म्हणाली.

आमच्या घरात आल्यापासून मी तिच्या तोंडून असा 'नाही' ऐकला नव्हता. मोठा नव्हता तो, पण त्याला धार होती.

"सर, ते पाच शब्द ह्या एकासाठी आहेत. बाकीच्या पिल्लांनी काही ना काही आणलंय. ह्याने काहीच आणलं नाही असं ह्याला वाटतंय. त्याला जो शब्द मिळेल तो त्याचा स्वतःचा हवा. परका नको, उसना नको. मला पाच मिनिटं द्या."

सरांनी खुर्ची ओढली आणि बसले. म्हणजे दिली.

ती त्या बाहेरच्या खोलीत येरझारा घालायला लागली. ओठ मिटत, उघडत. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, मासा आहे. "थेंब... कोंब... खांब... लोंब... लिंब, चिंब, बिंब..." मी तिच्याबरोबर मनातल्या मनात म्हणत होते. माझं डाळिंबापर्यंत पोचलं होतं. काचेपलीकडे अक्काही ओठ हलवत होत्या. रेकॉर्डिंगची मुलगीसुद्धा. चार बायका आणि चौघीही माशासारख्या.

आणि एकदम ती जागच्या जागी उडाली. अक्षरशः उडाली. तिचा हात लागून पाण्याचा पेला जमिनीवर गेला.

"टिंब!"

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"टिंब! पावाचं टिंब! सर, टिंब!"

"टिंब म्हणजे... ते वाक्याच्या शेवटी देतात ते?" सरांनी विचारलं.

"हो! नाही! म्हणजे तेच, पण आधीचं! लहान पोराच्या हाती पेन्सिल आली की ते कागदावर पहिलं काय काढतं? रेघ नाही काढता येत, गोल नाही काढता येत. नुसतं टोक टेकवतं. टिंब! त्याला केवढा आनंद होतो! घरभर दाखवत फिरतं. ह्या पिल्लाने तेच केलंय, सर. त्याला जमलं ते आणलंय."

सर पडद्यावरच्या मिटल्या ओठांकडे बघत राहिले. मग एकदा हळूच स्वतःशी म्हणाले, "टिंब." पुन्हा म्हणाले. ओठ मिटले, आणि मिटलेल्या ओठांचं हसू झालं. त्यांचं, म्हणजे सरांचं.

"तोंड जरा कमी उघडतं," ते म्हणाले, पण ते बोलायचं म्हणून.

"मी उघडते की!" काचेपलीकडून गर्जना झाली. "लावा!"

तेवढ्यात कॉम्प्युटरमधून आवाज आला. ती परदेशातली कंपनीवाली बाई. ती तिथे आहे हे आम्ही सगळे विसरूनच गेलो होतो. तिने इंग्रजीत विचारलं की हा एवढा आरडाओरडा कसला, आणि नवा शब्द काय. मला इंग्रजी फार येत नाही, पण सूनबाईने नंतर सगळं सांगितलं. हिने तिला अर्थ सांगितला, डॉट.  ती बाई म्हणाली, डॉट खाता येत नाही. क्रम खाता येतो. आमच्या सिनेमात पोरं भुकेली आहेत.

 हाता-तोंडाशी आलेला घास गेला, असं वाटलं.

सूनबाई कॉम्प्युटरच्या अगदी जवळ गेली.  तिने विचारलं, "तुमची उंदरीण तो शब्द बोलताना पिल्लाच्या हाताकडे बघते की पिल्लाकडे?"

पलीकडे बहुतेक ती बाई स्वतःचाच सिनेमा पुन्हा बघत होती. 

"पिल्लाकडे," ती म्हणाली.

"मग ती पावाला टिंब म्हणतच नाहीये," सूनबाई म्हणाली.

 मग त्या बाईने तोच शब्द म्हणून बघितला. "टिम." तिलाही शेवटचा 'ब' म्हणता येईना! खोलीत असा हशा पिकला की तीही हसायला लागली. मग म्हणाली, ऐकवा.

दिवे मंद झाले. पडद्यावर पिल्लू दारात. अक्कांनी पहिल्यांदा म्हटलं ते फार गोड झालं. सर म्हणाले, "साखर कमी." पुढच्या वेळी फार मोठ्याने झालं. मग अक्कांनी डोळे मिटले.  आणि हात वर करून खूण केली.

मूठ उघडली. उंदरिणीने बघितलं. तिच्या श्वासाचा आवाज आला, नुसता श्वास.

"टिंब!"

शेवटचा 'ब' ओठांवर टेकला आणि तिथेच राहिला. पिल्लू हसलं. त्या हसण्याला अजून मराठी आवाजही दिलेला नव्हता, तरी ते मराठीच हसलं, मी शपथेवर सांगते.

कोणीच 'झालं' म्हणेना. रेकॉर्डिंगच्या मुलीने हेडफोन काढून नाक पुसलं. सर भिंतीकडे तोंड करून उभे होते. मग ते वळले आणि म्हणाले, "अक्का, चहा सांगू?" तेव्हा कळलं की झालं.

जाड दार उघडून अक्का बाहेर आल्या, तशाच अनवाणी. सरळ सूनबाईपाशी गेल्या आणि तिच्या दंडाला चिमटा काढला. "पोरी, मोठमोठ्या राण्यांची भाषणं केली मी. एका शब्दासाठी इतका घाम कधी गाळला नव्हता." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही गट्टमवाल्या ना? द्या बांगड्या."

मी लाजेने अर्धी झाले. पण त्या हसत होत्या.

घरी पोचेपर्यंत आम्ही दोघी रस्ताभर बोलत होतो, तेच तेच, पुन्हा पुन्हा. जिन्यावर हे उभेच होते.

"काय झालं?"

"बाबा, तुमची ढलपी पास!" ती ओरडली.

 ह्यांनी आत जाऊन स्वतःच्या हाताने चहा ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे मी पहिल्यांदा बघत होते.

*

सिनेमा लागला तेव्हा मुलगा नेमका सुट्टीवर आला होता. आम्ही चौघं गेलो. थेटर पोरांनी खच्चून भरलेलं. सूनबाईने पडद्याकडे कमी आणि लोकांकडेच जास्त बघितलं. कुठे हसतात, कुठे गप्प होतात, मान वळवून वळवून. मुलगा तिला कोपराने ढोसत होता, "अगं, सिनेमा पुढे आहे."

आमच्या पुढच्या रांगेत एक चिमुरडी बापाच्या मांडीवर बसली होती. बापाच्या हातात पॉपकॉर्न. पिल्लांची ती जागा येऊन गेली. आजूबाजूच्या दोन-तीन बायकांनी डोळे टिपले, आमच्या ह्यांनी चष्मा पुसला. त्यानंतर जरा वेळाने ती चिमुरडी बापाला म्हणाली, "बाबा, मला एक कुटुर द्या."

"काय?"

"कुटुर. पॉपकॉर्नचं कुटुर. ते खाली असतं ना, दाताला लागतं ते."

बापाने पुड्याच्या तळाशी हात घातला आणि एक टणक दाणा काढून तिला दिला. त्याला काही विशेष वाटलं नाही. पण आमची सूनबाई! माझं मनगट तिने असं पकडलं की मी कळवळले.

"आई, ऐकलंत? कुटुर! हा शब्द मी नाही लिहिला! हा सिनेमात नाहीये! हा कुणीच लिहिला नाही, हा तिने आत्ता..." आणि ती चक्क उभी राहिली, भर सिनेमात, पुढे वाकून त्या मुलीला विचारायला. "ए छकुली, कुटुर म्हणजे नक्की कुठलं गं? करपलेलं की न फुटलेलं?"

"अहो ताई, खाली बसा!" मागून कोणीतरी ओरडलं. "आम्हाला उंदीर दिसत नाहीये!"

मुलाने तिला पदराला धरून खाली ओढली. ती बसली, पण उत्तर मिळाल्यावरच.

"न फुटलेलं," ती माझ्या कानात म्हणाली, आणि अंधारातही मला तिचे दात दिसले, इतकी ती हसत होती.